दारावरचे साठ हजार

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही," पेंटर म्हणाला, "आणि बसत असेल तर वेळीच सांगा, म्हणजे मी आणखी थोडं मिसळतो."

तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद व्हरांड्यात त्याचा अख्खा संसार बाहेर येऊन बसला होता. दोन ट्रंका, एक वळकटी, दोरीने एकमेकांच्या गळ्यात बांधलेली चार पातेली, ब्रशांचा डबा, लाकडी शिडी आणि भिंतीला टेकवलेलं एक दार. सामानाची गाडी चारला येणार होती आणि साडेतीन वाजले होते, म्हणजे गाडीवाल्याच्या घड्याळाने अजून दीड तास हाताशी होता. खालचा सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून 'आलोच' म्हणून वर आला होता आणि वळकटीवर ऐसपैस बसला होता. शेजारच्या खोलीतली शिलाईवाली मांडीवर शर्टांचा ढीग घेऊन आपल्या उंबऱ्यात बसली होती. ती काजं करायची, नगावर पैसे मिळायचे, त्यामुळे तिला गोष्ट ऐकायची तर हात चालू ठेवूनच ऐकावी लागे. पेंटरची बायको, जिला सगळा मजला काकू म्हणे, त्या टेकवलेल्या दाराला जुनी चादर गुंडाळत होती. गाडीत घासून रंगाला ओरखडा पडू नये म्हणून.

पेंटर ट्रंकेवर असा बसला होता की रिकाम्या खोलीकडे त्याची पाठ व्हावी. बिनदाराची खोली त्याच्या मानेला गार लागत होती.

"एक पेंटर होता," त्याने सुरुवात केली.

"ओळखतो मी त्याला," सलूनवाला म्हणाला. "वीस वर्षं माझ्याकडे केस कापतोय आणि वीस वर्षं म्हणतोय, या खेपेला जरा कमी घे."

"तो वेगळा. हा स्वाभिमानी होता."

शिलाईवालीने दाताने दोरा तोडला आणि खुदकन हसली. काकू हसली नाही. तिने चादरीचं टोक खोचलं आणि दोरी शोधू लागली.

तर हा पेंटर नावं रंगवत नसे. नावाच्या पाटीत पोट भरत नाही. दुकानदार एकदा नाव लिहून घेतो आणि मग मरेपर्यंत त्याच नावाने राहतो, कृतघ्नपणे. हा रंगवायचा भाव. दुधाचा, पावाचा, अंड्यांचा, कापडाचा, सोन्याचा. भावाला मरण नाही आणि विश्रांतीही नाही. त्याची मजुरी आकड्यावर होती, आणि ती किती, हे त्याने तरुणपणी एका छोट्या पत्र्यावर रंगवून शिडीला टांगलं होतं. त्या पत्र्याला त्याने अशी नाजूक वेलीची किनार काढली होती, अक्षरांना अशी हलकी निळी सावली दिली होती, की पुढे तो आकडा बदलायची वेळ आली तेव्हा त्याचा हातच उचलेना. उद्या बदलू, म्हणता म्हणता बावीस वर्षं गेली. सगळ्या शहराचा भाव त्याच्या हातून चढला आणि त्याचा स्वतःचा तिथेच राहिला. दुकानदाराकडे तो चार पैसे वाढवून मागे, तर दुकानदार शिडीकडे बोट दाखवी, "काका, पाटीवर लिहिलंय ते घ्या की. तुमचंच अक्षर आहे ना?"

आणि उस्तादाने त्याला शिकवलं होतं की जुना आकडा कधी खरवडायचा नाही. खरवडायला अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. जुन्यावर पाटीच्या रंगाचा हात मारायचा, वाळला की त्यावर नवा आकडा. असे थरावर थर. दूधवाल्याच्या पाटीवर एवढे थर चढले की ती गादीसारखी जाड झाली. तिचं वजन पेलेना म्हणून दूधवाल्याने साखळ्या लावल्या. एका हिवाळ्यात तिच्यावरच्या शून्यात चिमणीने घरटं केलं, आणि तिची पिल्लं उडेपर्यंत दुधाचा भाव बदलता आला नाही. गल्लीच्या आठवणीत तेवढे सहा आठवडे स्वस्ताईचे.

"चिमणी मी पाहिलीय," सलूनवाला शिलाईवालीला म्हणाला. "पिल्लं खोटी."

आता या पेंटरला एकच हाव होती. आपली खोली. तिसऱ्या मजल्यावरची, एका खिडकीची, भाड्याची. बावीस वर्षांपूर्वी थोरले मालक भाडं घ्यायला वर आले होते. चांगला माणूस, जिना चढून दम लागला की खरं बोलायचा. ते म्हणाले, "अरे, भाडं कशाला भरत बसतोस? साठ हजार जमव आणि ही खोली घेऊन टाक. तुला म्हणून सांगतो." पेंटरने विचारलं, "मालक, शब्द नक्की?" मालक म्हणाले, "नक्की." दुसरा कुणी असता तर कागद मागितला असता. हा पेंटर. त्याने डबा उघडला आणि मालकांच्या देखत दाराच्या आतल्या बाजूला रंगवलं, सहा आणि त्यापुढे चार शून्यं. तीन हात दिले, वरून वॉर्निश. शेवटचं शून्य ओलं होतं तेव्हा मालकांनी गमतीने त्यात अंगठा टेकवला. तो ठसा अजून आहे. झाला करार.

इथे पेंटर थांबला. चादरीच्या फटीतून अंगठ्याचा ठसा दिसत होता. काकूने त्याच्यावरून हात फिरवला आणि चादर पुढे ओढली.

"काय वेडेपणा बघा," पेंटर म्हणाला. "जो माणूस दर आठवड्याला शहरभर आकडे बदलत हिंडतो, त्याला वाटलं, हा एक आकडा बदलायचा नाही. का? तर आपण स्वतः रंगवलाय, चांगल्या कंपनीचा ऑइलपेंट वापरून."

शिलाईवाली म्हणाली, "काका, तुम्ही म्हणजे तो पेंटर ना?"

"मी कशाला? मी इतका मूर्ख दिसतो?"

शिलाईवालीने मान खाली घालून सुईत दोरा ओवला, आणि पेंटर पुढे सरकला.

पेंटरच्या शिडीला खाली धरायला त्याची बायको असे. गुडघा दुखायला लागल्यापासून तिच्याशिवाय तो पहिल्या पायरीवरही चढत नसे. ती खाली दोन्ही हातांनी शिडी धरून, मान वर करून उभी. शहरातला प्रत्येक भाव दुकानदाराच्या खालोखाल तिला कळायचा. त्या हिशेबाने ती घर चालवायची आणि उरलेलं बँकेत ठेवीत टाकायची. तिने केलेली काटकसर सांगितली तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल. एका साबणाच्या वडीवर तिने दोन वर्षं काढली.

"एक वर्ष," काकू म्हणाली. वर न बघता.

"एक वर्ष. पण मोठी वडी नव्हती."

शहराच्या मधोमध एक मोठी बँक होती. आपण पैसे ठेवतो तसली नव्हे. बँकांची बँक. तिथे नवी नोट जन्माला येते. आणि आता ऐका, जे कुठल्याही पुस्तकात नाही. नवी नोट त्या फाटकातून बाहेर पडते तेव्हा गरम असते. तव्यावरून काढल्यासारखी. फाटकावरचा पहारेकरी हातमोजे घालून बंडलं मोजायचा. समोरच्या उपाहारगृहात लोक अशी नोट पावाच्या दोन तुकड्यांत ठेवत आणि पाव भाजून निघे. ज्याला ती गरम असताना मिळाली, त्याला ती पुरेपूर फळायची. खोली घ्या, जमीन घ्या, सोनं घ्या, सगळं अजून कालच्या भावात. मग ती नोट पुढच्या रस्त्याला जाई, तिथे कोमट. त्याच्या पुढच्या रस्त्याला थंड. आमच्या गल्लीत पोचेपर्यंत बर्फावरच्या मासळीसारखी गार. वर छापलेला आकडा तोच, पण हातात घेतली की शहारा यायचा. या पेंटरने एक नोट तीन दिवस काखेत धरून बघितली. ताप आला, नोट गारच.

"मग फाटकाशी जाऊन उभं राहायचं की," सलूनवाला म्हणाला. "मी उद्याच खुर्ची तिकडे हलवतो."

"तिथे नुसतं उभं राहून चालत नाही बाबा. हातात तारण घेऊन उभं राहावं लागतं. ज्याच्याकडे एक घर आहे त्याला दुसऱ्या घरासाठी गरम नोटा. ज्याच्याकडे कातर आहे त्याला केस."

पेंटरला हे कसं कळलं? कामावरून. बँकेने नोटा सोडल्या की दोन दिवसांत त्याला पहिलं बोलावणं यायचं ते फाटकासमोरच्या जागांच्या एजंटाचं. एजंटाच्या काचेवर मोठी पाटी होती, एका खोलीचा भाव लिहिलेली. तिथला आकडा चढला की समोरचा सोनेवाला हाक मारी. मग मोटारींचं दुकान. मग महिन्याभराने कापडवाला. मग दूध, पाव, अंडी. असा तो शिडी खांद्यावर घेऊन, बायको मागे डबा घेऊन, शहराच्या मधून कडेकडे सरकत यायचा, तलावात दगड पडल्यावर लाट काठाकडे येते तसा. अगदी शेवटी आमची गल्ली. सलूनचा भाव.

"मी तर दोन वर्षांत एकदा बदलतो," सलूनवाला म्हणाला.

"आणि गिऱ्हाइकं महिनाभर तोंड फिरवून जातात. म्हणून शेवटी."

"आणि आमचा?" शिलाईवालीने विचारलं. तिने सुई थांबवली नव्हती. "काजाचा भाव कुठल्या पाटीवर असतो?"

पेंटरने तिच्याकडे पाहिलं. या प्रश्नाला त्याच्याजवळ काही लबाडी तयार नव्हती.

"तुझा तोंडी असतो, पोरी," तो म्हणाला. "लाट तिथवर आलीच नाही कधी. मध्येच वाळूत जिरते."

खालून सलूनमधलं गिऱ्हाईक ओरडलं की साबण वाळला. सलूनवाल्याने कठड्यावरून वाकून सांगितलं, "दाढी मऊ होतेय, बसा."

एके दिवशी त्या मोठ्या बँकेतूनच पेंटरला बोलावणं आलं. आत मोठ्या दालनात दरांची पाटी होती, व्याज किती टक्के, ते दाखवणारी. तिथला पेंटर म्हातारा होऊन मेला होता. हा गेला, बायको गेली, शिडी गेली. इतका गुळगुळीत फरशीचा हॉल की शिडी टेकवली तर घसरत घसरत दुसऱ्या खात्यात जाईल. काकूने, म्हणजे त्या पेंटरच्या बायकोने, चपला काढून अनवाणी पायांनी ती दाबून धरली. सातावर रंगाचा हात मारायचा आणि चार लिहायचे, एवढंच काम.

खाली एक मोठे साहेब येऊन उभे राहिले. मऊ आवाजाचे. काम नीट होतंय ना, बघायला.

पेंटर वरून म्हणाला, "साहेब, दर एवढा का उतरवताय?"

"लोकांना कर्ज स्वस्त पडावं म्हणून. कर्ज घेतलं की लोक खरेदी करतात, कारखाने चालतात. सगळ्यांचंच बरं होतं."

"मला मिळेल का कर्ज? खोलीसाठी पाहिजे. थोडेच कमी पडतात."

"मिळेल की. तारण काय आहे तुमच्याकडे?"

"शिडी."

साहेब हसले नाहीत. त्यांनी खरोखरच शिडीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, मग ती धरून उभ्या असलेल्या बाईकडे. "शिडीवर अवघड आहे," ते म्हणाले. "घर असतं तर."

"घर असतं तर घरासाठी कर्ज कशाला मागितलं असतं?"

"हा प्रश्न आमच्या खात्यात येत नाही."

तेवढ्यात खालून बायको बोलली. ती बाहेर फार बोलायची नाही. तिने विचारलं, "साहेब, कर्जाचा दर उतरला. ठेवीचा?"

"तोही उतरतो, बाई. त्याच पाटीवरून ठरतो."

"आणि भाव?"

"भाव थोडे वाढलेलेच बरे. अर्थव्यवस्थेची तब्येत ठणठणीत असल्याचं ते लक्षण."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "आम्हाला वाटत होतं आमचीच तब्येत बिघडलीय."

साहेब बुटांचा आवाज न करता निघून गेले. वर पेंटरच्या हातात ब्रश तसाच होता. सातावर हात मारून झाला होता आणि चार अजून लिहायचे होते. त्याला पहिल्यांदा कळलं की आपण बायकोच्या ठेवीचं व्याज आपल्याच हाताने अर्ध्यावर आणतोय. त्याने खाली पाहिलं. बायको मान वर करून बघत होती. शिडी घट्ट धरलेली.

"मग?" शिलाईवालीने विचारलं.

"मग काय? लिहिले चार. हात मात्र चांगला बसला होता त्या दिवशी."

काकूने दाराला पहिला वेढा मारला आणि गाठ करकचून ओढली.

पुढे व्हायचं तेच झालं. थोरले मालक गेले, आणि धाकटे मालक खुर्चीवर बसले. मुलगा वाईट नाही. लहानपणी पेंटरच्या डब्यातल्या रंगाने हात माखून घ्यायचा. पण त्याच्याकडे ही इमारत होती, आणि दर होता चार. त्याने ही इमारत तारण ठेवून शेजारची घेतली. शेजारची ठेवून कोपऱ्यावरची. प्रत्येक खेपेला नोटा गरमागरम. आणि त्याच्यासारखे दहाजण तसेच घेत सुटले, त्यामुळे एजंटाच्या पाटीवर आकडा असा चढला की पेंटरला पाटी रुंद करून घ्यावी लागली. जुन्या पाटीवर शून्य मावेना. ते अर्धं भिंतीवर जाई.

इकडे बायकोच्या ठेवीत साठ हजार झाले. बावीस वर्षांनी. ज्या दिवशी झाले त्या दिवशी ती दोघं चांगले कपडे घालून धाकट्या मालकांकडे गेली. पैसे कापडी पिशवीत. मालकांनी पंखा लावला, चहा मागवला, मग ऐकून घेतलं. दारावरचा आकडा, अंगठा, सगळं. धाकट्याने पिशवीकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखर दुःख आलं. हे मी मिसळलेलं नाही.

"काका," तो म्हणाला, "पप्पांनी शब्द दिला असेल. पण साठ हजारात आज दार येतं. खोली पाच लाखांची आहे. आणि भाडंही मला आता बाजारभावाने लावायला लागेल, माझेही हप्ते आहेत." मग वाईट वाटून म्हणाला, "दार मात्र न्या तुम्ही. खरंच न्या. मी नाहीतरी लोखंडी बसवणार आहे."

सलूनवाल्याने मान हलवली. त्याने दाराकडे पाहिलं, मग पटकन दुसरीकडे.

"नवीन जागेला अनामत किती घेतली?" शिलाईवालीने काकूला हळूच विचारलं.

"साठ हजार," काकू म्हणाली.

पेंटरने ते ऐकलं नसल्यासारखं केलं. तो ट्रंकेवर पुढे सरकून बसला आणि त्याचा आवाज चढला, जसा शिडीच्या वरच्या पायरीवर गेल्यावर चढायचा.

आणि आता, तो म्हणाला, खरी गोष्ट. दुसऱ्याच सकाळी एजंटाचं बोलावणं आलं. पाच लाखांचे सहा लाख करायचे. पेंटर गेला. शिडी लावली. पाचावर हात मारला, वाळू दिला, सहा लिहिले. खाली उतरायला पाय टाकला, आणि तेवढ्यात त्याची नजर त्या शून्यांवर गेली. सहा, आणि पुढे पाच शून्यं. आणि घरी दारावर सहा, आणि पुढे चार. एका शून्याचा फरक. बावीस वर्षं एका शून्याने अडवली होती, आणि ते शून्य आता त्याच्या कोपराशी होतं. त्याने खिशातून फडकं काढलं, टर्पेंटाईनमध्ये बुडवलं, आणि शेवटचं शून्य पुसून टाकलं. स्वच्छ. मागे डागसुद्धा नाही.

"बाप रे," सलूनवाला म्हणाला. त्याला कळलं होतं गोष्ट कुठे चालली आहे, आणि तो आपणहून तिच्यात चढला. "मग लाट सुटली असेल."

"सुटली म्हणजे? समोरच्या सोनेवाल्याने काचेतून पाहिलं, खोली साठ हजाराला. त्याच्या हातातला ताजवा पडला. त्याला वाटलं बाजार कोसळला. तो ओरडला, पेंटर, इकडे ये, माझा उतरव, मी मागे राहायचो नाही. त्याचा उतरवला. मोटारवाला धावत आला. कापडवाल्याने तर वाट न बघता स्वतःच्या बोटाने शून्य खरवडलं, नखात अजून रंग आहे. या पेंटरने आयुष्यात पहिल्यांदा उस्तादाचा नियम मोडला. रंगाचा हात नाही, नुसतं खरवडणं. दूधवाल्याच्या पाटीचे थर असे सुटले, खपल्यांसारखे, एकेक जुना भाव खाली पडतोय, आणि पोरंबाळं गोळा करतायत. तळाशी पोचलो तर उस्तादाच्या हातचा आकडा. इतका लहान की चष्मा लावावा लागला."

"आणि माझा?" सलूनवाला म्हणाला.

"तू तर त्या दिवशी गिऱ्हाइकाला उलट पैसे दिलेस. आठवत नाही? लाजेने विसरलास."

"आठवलं, आठवलं. दोन खेपा दिले."

"आणि काजाचा?" शिलाईवाली म्हणाली. या वेळी तिची सुई थांबली होती.

"तुझा नाही उतरला. तोंडी होता ना, त्याला कुठून पुसणार? तुझी मजुरी तेवढीच, आणि खाली सगळं उतरलेलं. एका शर्टाच्या काजात तू आठवड्याचं दूध घेतलंस. वर मलाही कपभर दिलंस."

शिलाईवालीने तोंडावर हात घेतला. तिचे डोळे हसत होते की आणखी काही करत होते, ते पेंटरने बघितलं नाही. तो उभा राहिला होता. गुडघा विसरून.

"लाट इथवर यायला एरवी महिने लागतात. त्या दिवशी दुपारी आली. धाकटे मालक अनवाणी पळत वर आले, तिन्ही जिने. तीन इमारती अंगावर, हप्ते डोक्यावर, आणि भाव पायाखालून गेलेला. घामाघूम. म्हणाले, काका, आहेत का अजून ते साठ हजार? पेंटर म्हणाला, बसा, पंखा लावतो, चहा मागवतो. बसायला तयार नाहीत. म्हणाले, दारावरचा भाव तो भाव, पप्पांचा शब्द तो माझा शब्द. तिथेच या दाराला कागद टेकवला, इथे, या शून्यावर, आणि पेंटरने पिशवी पुढे केली, मालकांनी पेन काढलं, आणि सही..."

"खोटं," काकू म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. दोरीचं टोक तिच्या मुठीत होतं आणि दुसरा हात चादरीवर, जिथे खाली अंगठ्याचा ठसा होता तिथे.

"शून्य पुसलं नाहीत तुम्ही. शिडी मी धरली होती, अहो. पाचाचे सहा केलेत, दोन हात दिलेत. मग तो एजंट म्हणाला, बाकीच्यांवर धूळ बसलीय. तर तुम्ही पाचही शून्यं फडक्याने एकेक करून चकचकीत केलीत, आणि खाली उतरून एका आकड्याचे पैसे घेतलेत. पत्र्यावर लिहिलेत तेवढेच."